नमुन्यातली माणसं एकमेकांची नातेवाईक असतात तेव्हा

ऑगस्ट २०२५ मध्ये माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पार पडली. विषय होता, कुटुंबांमधून गोळा केलेल्या नमुन्यांवर जनुकीय सहसंबंध, म्हणजे डीएनएतल्या फरकांचा आजाराशी किंवा रक्तातल्या मोजमापाशी संबंध, कसा तपासायचा. काम सुरू केलं तेव्हा सूत्रं हवी तितकी मिळत होती, सॉफ्टवेअरची माहितीही मिळत होती. पण संमतिपत्रापासून शेवटच्या आलेखापर्यंत कशानंतर काय येतं, कुठे किती थांबावं लागतं आणि पैसे कशात जातात, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. बडोद्यात आणखी काही जण आता अशाच कामाला लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी संख्याशास्त्राची. जीवशास्त्र बारावीला सुटलं होतं, तेव्हा त्या बाजूने घाबरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

जून २०२१ मध्ये इथल्या एका रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञांना पन्नाशीच्या आत झटका आलेल्या रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास करायचा होता. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापगंज या भागांतली मराठी घरं; गायकवाडी अमलात कोकणातून, देशावरून आलेली आणि पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेली. रक्तातल्या दोन गोष्टी मोजायच्या होत्या: लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी). ही जोडी मुद्दाम निवडलेली. लायपोप्रोटीन-एचं प्रमाण बहुतांशी सहाव्या गुणसूत्रावरचं एकच जनुक ठरवतं, खाण्यापिण्याने ते फारसं हलत नाही. ट्रायग्लिसराइडचं तसं नाही. रात्रीचं जेवण, व्यायाम, वजन, सगळ्याचा परिणाम त्यावर दिसतो.

पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, प्रत्येक घरातला एकच माणूस ठेव, बाकीचे वगळ, म्हणजे साधं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवरचा परिणाम मोजायची नेहमीची पद्धत) चालेल. सल्ला वाईट नव्हता, बरेच जण तेच करतात. साध्या रिग्रेशनमध्ये प्रत्येक माणूस इतरांपासून स्वतंत्र आहे असं गृहीत धरलेलं असतं. सख्खी भावंडं जनुकांनीही सारखी आणि रक्तातल्या आकड्यांनीही सारखी. त्यांना स्वतंत्र धरणं म्हणजे एकाच बातमीच्या चार प्रती वाचून चार ठिकाणांहून खातरजमा झाली असं म्हणण्यासारखं आहे. प्रमाणत्रुटी, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो त्याचं माप, खोटी लहान येते आणि जिथे काही नाही तिथे शोध लागल्यासारखा वाटतो. पण एकेक माणूस ठेवायचा म्हटलं तर आमच्या अपेक्षित पावणेचारशे माणसांतली शंभरही उरली नसती. ज्या आजी संधिवाताने आखडलेले गुडघे घेऊन रक्त द्यायला बसतील, त्यांची नळी आपल्या सोयीसाठी बाजूला ठेवायची, हे माझ्या मनाला पटेना. नाती वगळायची नाहीत, गणितात घ्यायची, असं मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “घे. पण मग नाती नीट लिहून आण. अर्धवट वंशावळीचा काही उपयोग नाही.”

ऑगस्टमध्ये नीतिसमितीकडे प्रस्ताव दिला, मंजुरी जानेवारी २०२२ मध्ये आली. हा काळ धरूनच पुढचं वेळापत्रक आखा. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे आधी विचारून घ्या. २०१९ च्या नियमांनुसार ते लागतं. संमतिपत्र मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. प्रत्येक भाषांतराचं पुन्हा उलट भाषांतर आणि दोन्हींची प्रमाणपत्रं. त्याचे पैसे अनुदानातून मिळत नव्हते, काही हजार खिशातून गेले. अल्पवयीन मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात: पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी मान्यता. मुलांसाठीचं पत्रक वेगळं आणि सोप्या भाषेत लिहा. आमचं पहिलं पत्रक मोठ्यांच्याच भाषेत आहे म्हणून परत आलं होतं.

समितीने एक प्रश्न विचारला, त्यावर मी बरेच दिवस विचार केला. कुटुंबाने सांगितलेलं नातं आणि रक्तातून निघालेलं नातं जुळलं नाही, तर तुम्ही काय करणार? वडील म्हणून नोंदवलेला माणूस जनुकांनी वडील नाही, असं अशा अभ्यासांत निघू शकतं. आम्ही लेखी उत्तर दिलं: ही गोष्ट कुटुंबातल्या कुणालाही कळवली जाणार नाही, डॉक्टरांनाही नाही. दुरुस्ती फक्त सांकेतिक क्रमांकांच्या फाइलमध्ये होईल. नावं आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या कपाटात, माझ्या हाताबाहेर राहील. उलट लायपोप्रोटीन-एचा अहवाल मात्र प्रत्येकाला द्यायचा, कारण तो नेहमीच्या तपासणीसारखाच आहे आणि डॉक्टरांना उपयोगी पडतो. या दोन गोष्टी संमतिपत्रात वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. दारात उभं राहून समजावताना लोक नेमकं हेच विचारतात: मला काय कळणार आणि काय नाही.

फेब्रुवारी २०२२ पासून वर्षभर घरोघरी जाणं चाललं. सगळ्यात जास्त शिकले ते इथे. ठरवून घरातल्या सर्वात वयस्क बाईशेजारी बसायचं, कारण पुरुषांना बहुतेक वेळा बापाकडचंच सांगता येतं. “आजी, तुमच्या आत्याबाईंची मुलं किती?” असं सुरू केलं की तासभर कागद पुरत नाही. काही घरांत छापील कुलवृत्तांत निघाला. फार मोलाचा, पण त्यात मुलींची शाखा लग्नापाशी थांबते. ती पुढे न्यायला माहेरवाशिणींचे फोन नंबर मागून घ्यावे लागले.

नोंदवहीत मी तीन रकाने आधीपासून ठेवले होते, ते तुम्हीही ठेवा. पहिला दत्तकाचा. बडोद्याला हे समजावून सांगावं लागत नाही. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं आणि ते सयाजीराव महाराज झाले. वंशावळीत दत्तक मुलगा घरात दाखवायचा, पण जनुकांच्या फाइलमध्ये त्याचे जन्मदाते लिहायचे. माहीत नसतील तर जागा रिकामी. दुसरा रकाना नात्यातल्या लग्नाचा. मामाची मुलगी केलेली असेल, तर नवराबायको आतेमामे भावंडं. त्यांचा किनशिप गुणांक, म्हणजे दोघांकडून जनुकाची एकेक प्रत उचलली तर ती एकाच पूर्वजाकडून आलेली असण्याची शक्यता, ०.०६२५. त्यांच्या मुलांमध्ये अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे मुलाच्या स्वतःच्या दोन प्रतींबद्दल तीच शक्यता, तेवढाच. एवढंच नाही, त्या मुलांचं आपसातलं नातंही नेहमीच्या सख्ख्या भावंडांपेक्षा जवळचं होतं, ०.२५ च्या जागी ०.२८. तिसरा रकाना, कोण कुणाच्या स्वयंपाकघरात जेवतं. त्याचं कारण पुढे येईल.

रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत. ट्रायग्लिसराइडसाठी उपाशीपोटी, म्हणून सकाळी सातला घरी पोचावं लागे. रक्त घेऊन झाल्यावर चहा-पोह्यांना नाही म्हणू नका. राहिलेली अर्धी वंशावळ तिथे मिळते.

२०२३ च्या मध्यावर डीएनए जीनोटायपिंगला, म्हणजे ठरावीक जागी कुणाचं कोणतं रूप आहे ते वाचायला, गेलं. नमुन्यामागे करासकट साधारण साडेपाच हजार रुपये, अनुदानाचा मोठा हिस्सा यातच संपला. हे वाचन ज्या काचपट्टीवर होतं तिला चिप म्हणतात; आम्ही वापरलेल्या चिपवर एका वेळी २४ नमुने बसतात. तेव्हा २४ च्या पटीत पाठवा, रिकाम्या जागेचेही पैसे पडतात. काही नमुने मुद्दाम दोनदा ठेवा, म्हणजे प्रयोगशाळेची सुसंगती तपासता येते. आणि एक कुटुंब एका चिपवर येऊ देऊ नका. चिपमधला फरक आणि कुटुंबातला फरक एकमेकांत मिसळले, तर नंतर कोणत्याही गणिताने वेगळे होत नाहीत. मी यादी यादृच्छिक करून पाठवली, तरी प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांना फोन करून ती तशीच भरा असं सांगितलं. नाहीतर तेही सोयीसाठी क्रमांकांनुसार लावतात.

माहिती हाती आली ती सप्टेंबरमध्ये, साडेसहा लाखांच्या आसपास खुणा, म्हणजे डीएनएतल्या माणसागणिक वेगळ्या असू शकणाऱ्या जागा. चुकीच्या खुणा आणि नमुने गाळण्याचे नेहमीचे टप्पे सगळीकडे लिहिलेले आहेत, मी फक्त कुटुंबांपुरतं सांगते. हार्डी-वाइनबर्ग समतोलाची चाचणी (खुणेची रूपं अपेक्षित प्रमाणात आहेत का, हे पाहणारी) आणि जनुकरूपांची वारंवारता फक्त संस्थापकांवर, म्हणजे ज्यांचे आईवडील नमुन्यात नाहीत त्यांच्यावर काढायची असते. प्लिंक हे सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, पण फाइलमध्ये आईवडिलांचे रकाने भरलेले असतील तरच. रकाने शून्य ठेवले की सगळेच संस्थापक ठरतात आणि सॉफ्टवेअर तक्रारही करत नाही. आईवडील आणि मूल तिघंही असतील तिथे मेंडेलच्या नियमाविरुद्ध जाणाऱ्या, म्हणजे मुलाचं रूप आईवडिलांकडून येऊच शकत नाही अशा, खुणा मोजा. वाईट खुणा आणि अदलाबदल झालेल्या नळ्या दोन्ही त्यात सापडतात.

मग किंग हे सॉफ्टवेअर चालवलं. ते प्रत्येक जोडीचा किनशिप गुणांक जनुकांवरून काढतं: ०.१७७ ते ०.३५४ म्हणजे पहिल्या पायरीचं नातं (आईबाप-मूल, सख्खी भावंडं), ०.०८८४ पर्यंत दुसऱ्या (काका-पुतणे), ०.०४४२ पर्यंत तिसऱ्या (चुलत-मामे भावंडं). हा आकडा वंशावळीशेजारी ठेवून एकेक जोडी पाहायची. सगळ्यात रमले मी या कामात. दोन चुलतभाऊ तिसऱ्या पायरीचे हवेत, ते दुसऱ्या पायरीवर येत होते. वंशावळीत काही चूक दिसेना. त्यांच्या आजींकडे गेले तर त्या म्हणाल्या, “अगं, या दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात लग्नं लावली त्या दोघींची.” दोन भावांना दोन बहिणी दिल्या की त्यांची मुलं बापाकडूनही भावंडं आणि आईकडूनही, गुणांक दुप्पट, ०.१२५. मी आयांची माहेरची आडनावं लिहिली होती, पण त्यातल्या एकीचं माहेर म्हणून तिच्या मामांचं घर, म्हणजे वेगळं आडनाव, नोंदलं गेलं होतं.

वेगवेगळ्या वस्त्यांतली, एकमेकांना न ओळखणारी घरंही तिसऱ्या पायरीला जुळली. याचं मला आता नवल वाटत नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत कुणी कुटुंबं शोधायला गेलं नव्हतं, तरी सुमारे पाच लाखांपैकी ३० टक्के लोकांचा तिसऱ्या पायरीपर्यंतचा कुणीतरी नातेवाईक आतच निघाला. आपल्याकडे तर जातीतच लग्न करण्याची रीत शतकांची. २०१७ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समूह पाहिले होते. त्यांतल्या ८१ समूहांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होती. ‘आमच्या नमुन्यात नातेवाईक नाहीत’ हे वाक्य भारतात तपासल्याशिवाय लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढचा टप्पा मुख्य घटकांचा, म्हणजे पीसीए: लाखो खुणांतले सर्वात मोठे फरक थोड्या आकड्यांत पकडायचे. समूहांमधला फरक टिपण्यासाठी तो करतात. नातेवाइकांसकट सरळ चालवला, तर पहिले घटक सर्वात मोठ्या कुटुंबालाच वेगळं काढतात आणि तो समूहभेद आहे असा भास होतो. त्यासाठी २०१५ ची पीसी-एअर पद्धत वापरली. आधी एकमेकांचे नातेवाईक नसलेल्यांचा गट निवडायचा, त्यावर घटक काढायचे आणि बाकीच्यांना त्यांवर बसवायचं. पाठोपाठ पीसी-रिलेटने नाती पुन्हा मोजली, म्हणजे जुन्या समान पूर्वजांमुळे आलेलं साम्य आणि अलीकडचं नातं वेगळं होतं. दोन्ही जेनेसिस या पॅकेजमध्ये एकत्र मिळतात, फुकट.

आता मुख्य मॉडेल. मिक्स्ड मॉडेलमध्ये प्रत्येक माणसाच्या मोजमापाचे भाग पाडतात: वय, लिंग आणि तपासायची खूण यांचा ठरावीक परिणाम, सबंध जनुकसंचाचा यादृच्छिक परिणाम, आणि उरलेलं. मधला भाग दोन माणसांत किती सारखा असेल हे नात्याच्या सारणीने, म्हणजे प्रत्येक जोडीच्या किनशिप गुणांकांच्या तक्त्याने, ठरतं. म्हणजे दोन भाऊ सारखे असणारच, हे मॉडेलला आधीच माहीत असतं. त्यापलीकडे एखादी खूण काही सांगते का, एवढंच ते तपासतं. हे गणित माणसांसाठी जन्मलं नाही. अमेरिकेत चार्ल्स हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ते दुभत्या जनावरांच्या पैदाशीसाठी उभं केलं. वळू स्वतः दूध देत नाही, तेव्हा त्याच्या मुलींच्या आणि बहिणींच्या दुधावरून त्याची जनुकं जोखायची. आणंद बडोद्याहून तासाभरावर आहे. तिथे पशुपैदाशीत काम केलेल्या एका निवृत्त शास्त्रज्ञांनी मला एका दुपारी कागदावर सारणी मांडून जे समजावलं, ते मला पुस्तकांतून समजलं नव्हतं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पशुपैदाशीच्या लोकांना भेटावं, त्यांच्याकडे सत्तर वर्षांची जाण आहे.

टीडीटी ही कुटुंबांसाठीची चाचणी का नाही, असं मला अनेकांनी विचारलं. १९९३ मध्ये स्पीलमन, मॅकगिनिस आणि इवेन्स यांनी मांडलेली ही चाचणी आईवडिलांकडून आजारी मुलाकडे कोणतं रूप गेलं ते मोजते, आणि समूहभेदाने फसत नाही. सुंदर कल्पना आहे. पण आमचे रुग्ण चाळिशी-पन्नाशीतले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे वडील हयात नव्हते. लहान मुलांच्या आजारांवर काम करत असाल, तर ती आधी पाहा.

हिशेब चालवायला माझा १६ जीबीचा लॅपटॉप पुरला. काही शे माणसांना जेमा किंवा जेनेसिस ही सॉफ्टवेअर काही तासांत उरकतात. लाखांनी माणसं असतील तेव्हा बोल्ट, सेज, रेजेनी या सॉफ्टवेअरची गरज पडते. होय-नाही स्वरूपाचा आजार असेल आणि रुग्ण थोडे, निरोगी जास्त असतील, तर सेजच बरं; साधं रेषीय मॉडेल तिथे दुर्मीळ खुणांवर फसतं. आणखी एक गोष्ट: जी खूण तपासायची, तिचं गुणसूत्र नात्याच्या सारणीतून त्या वेळी वगळा. नाहीतर तीच खूण दोन्हीकडे राहते आणि तिचा परिणाम सारणीच खाऊन टाकते. मोजमापं एकीकडे झुकलेली असतात, लायपोप्रोटीन-ए तर फारच. रूपांतर करून घ्या.

आता स्वयंपाकघराचा रकाना. आधीच्या आराखड्यात घरात लग्न होऊन आलेल्या सुना नव्हत्या, त्या रक्ताच्या नाहीत म्हणून. मी त्यांना घ्या असा आग्रह धरला. एका घरातले भाऊ जनुकंही वाटून घेतात आणि फोडणीही. त्यांच्यातलं साम्य कशामुळे, हे फक्त त्यांच्यावरून सांगता येत नाही. सून तेच जेवते, पण जनुकं वेगळी. सासरी गेलेल्या मुलीची जनुकं इथली, ताट दुसरीकडचं. या दोघींमुळे मॉडेलला जनुकं आणि घर वेगळं करता येतं. म्हणून घर हा आणखी एक यादृच्छिक परिणाम घातला. लायपोप्रोटीन-एमध्ये त्याने काहीच बदललं नाही. ट्रायग्लिसराइडमध्ये मात्र आधी जनुकांच्या खात्यावर जमा झालेला बराच भाग घराकडे गेला. तो तक्ता पहिल्यांदा डोळ्यांसमोर आला, त्या संध्याकाळी मी सूरसागरला दोन फेऱ्या मारून आले, बसवेना.

साधं रिग्रेशनही तुलनेसाठी चालवलं होतं. लायपोप्रोटीन-एला त्याचा फुगवट्याचा आकडा, म्हणजे लॅम्डा, जो एकाच्या जवळ हवा, तो १.३ च्या आसपास आला आणि अनेक गुणसूत्रांवर खोटी शिखरं, म्हणजे आलेखात उंच गेलेल्या खुणा, दिसली. मिक्स्ड मॉडेलने तो एकाच्या अगदी जवळ आणला. निव्वळ योगायोगाची शक्यता ५ गुणिले १० चा उणे आठवा घात याहून कमी हवी, ही रूढ रेषा ओलांडणारं एकच शिखर उरलं, सहाव्या गुणसूत्रावर, जिथे ते असायला हवं तिथे. ट्रायग्लिसराइडला काहीच रेषेपार गेलं नाही. एवढ्या नमुन्यात ते अपेक्षितच होतं आणि प्रबंधात तसंच लिहिलं. शिवाय आमची कुटुंबं रुग्णांमधून निवडलेली, त्यामुळे आनुवंशिकतेचे आकडे सगळ्या समाजाला लावता येत नाहीत, हेही ठळक लिहिलं. परीक्षक ते शोधतातच, आपण आधी सांगावं.

प्रबंध डिसेंबर २०२४ मध्ये दिला. अहवाल यायला सहा-सात महिने गेले. मधल्या काळात रोज ईमेल पाहून जीव थकतो. मी त्या दिवसांत कुटुंबांचे अहवाल हातोहात पोचवले. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न अपेक्षित तोच आला: नातेवाईक वगळले असते तर काय गमावलं असतं? मी दोन्ही विश्लेषणांचा तक्ता शेजारीशेजारी ठेवला. शंभराखालच्या नमुन्यात सहाव्या गुणसूत्रावरचं शिखरही रेषेखाली राहत होतं. दुसऱ्या परीक्षकांनी सुनांबद्दलच जास्त विचारलं. त्यांना घराचा परिणाम वेगळा काढण्याची कल्पना आवडली, पण लग्नाला किती वर्षं झाली हेही मॉडेलमध्ये घ्या म्हणाले. बरोबर आहे, आणि तारखा माझ्या वहीत आहेत.

ते काम आता चालू आहे. जनुकीय माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात नियंत्रित प्रवेशाखाली ठेवायचे कागद तयार होताहेत. त्याची मुभा आमच्या मूळ संमतिपत्रात होती, म्हणून पुन्हा दारोदार जावं लागलं नाही. तुमचं संमतिपत्र अजून समितीकडे गेलं नसेल, तर तो परिच्छेद आजच घाला. आणि मंजुरी अनेकदा वर्षाचीच असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी द्या, मध्ये दिवाळी येत असेल तर तीन.